दुसऱ्या टाकीची चव

“जात मी गिळली रे हरी. पण हे कसं गिळू?”

नलूताईने मला हे विचारलं तेव्हा तिच्या हातात मोबाइल होता आणि मोबाइलवर एका मुलीचा फोटो. मुलगी हसरी, काळीसावळी, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली, आणि तिच्या मागे माणसाहून उंच स्टीलच्या टाक्या. माझ्या भाच्याने, कौस्तुभने, ती स्वतःच जमवली होती. शितोळ्यांची रेवती. बेल्जियमला जाऊन ती बियर करायला शिकून आली होती आणि पुण्याजवळ पौडच्या अलीकडे वडिलांच्या जुन्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये तिने बियरचा छोटासा कारखाना काढला होता.

“दुधाची डेअरी समज,” मी म्हणालो. “टाक्या तशाच असतात.”

“दुधाने कुणाचं घर बुडालेलं ऐकिवात नाही.”

भाऊजी, म्हणजे नलूताईचे यजमान, शेजारी पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. घरातल्या कुठल्याही वादात त्यांचं मत पान उलटण्याच्या पुढे गेलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

“जाऊ, बघू,” नलूताई शेवटी म्हणाली. “पण तू बरोबर यायचंस. मुलीच्या हातचं बघायचं तर कुणीतरी जाणकार हवा. तुला त्यातलं कळतं.”

मी शनिवारी संध्याकाळी मित्राच्या गच्चीवर दोन पेग घेतो. आमच्या नातेवाइकांत यालाच ‘हरी घेतो’ असं आवाज खाली आणून म्हणतात. या एका गुणापायी सत्यनारायणाला मला सगळ्यांत मागे बसवत आणि मुलांना माझ्या पिशवीला हात लावू देत नसत. तोच मी आज जाणकार झालो होतो. बँकेत हयात घालवून जो मान मिळाला नाही तो दोन पेगांनी मिळवून दिला, आणि मी तो नाकारण्याइतका मोठा माणूस नाही. बेल्जियमच्या बियरबद्दल मला काडीचं कळत नव्हतं, हे मी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

रविवारी सकाळी आम्ही साताऱ्याहून निघालो. कौस्तुभ पुण्यात नोकरीला होता, तो वाटेत गाडीत चढला आणि कारखाना येईपर्यंत आईला एकच गोष्ट समजावत राहिला, की तिथे कुणी झिंगलेलं नसतं. पोरगं गुणी. रंगरूप बरं, पगार बरा, कुणाला कधी उलट उत्तर नाही. नाक मात्र असं तीक्ष्ण की दूध फाटायच्या आदल्या दिवशी सांगणार, उद्या फाटेल. त्या नाकामुळेच तो रेवतीच्या कारखान्यात पोहोचला होता. एकदा गिऱ्हाईक म्हणून गेला, ग्लास हुंगून काहीतरी बोलला आणि मग दर रविवारी तिने त्याला चव घ्यायला बोलवायला सुरुवात केली.

शितोळे दारातच उभे होते. पांढरा शर्ट, पांढरी पँट, मिशा पिळलेल्या. “या पाव्हणं, या वैनी. आधी पोहे खाऊन घ्या, मग पोरीचं काय ते बघा.”

पोहे आले. कांदा थोडा करपला होता. “पोहे फार छान झालेत,” नलूताई म्हणाली. “वा,” मी म्हणालो. कौस्तुभने आणखी मागून घेतले. भाऊजींनी मान डोलावली. मुलगी बघायला गेल्यावर पोहे छान नसण्याची सोय आपल्यात नाही. पोहे कच्चे असोत की जळके, पंगत एकमुखाने छान म्हणते, आणि पुढे जोडपी सुखाने नांदतात.

“तुम्ही घेता का हो यातलं?” नलूताईने शितोळ्यांना विचारलं.

“छ्या. मला पित्त हुतं,” शितोळे म्हणाले. “पोरगी म्हणली, आबा, कोंबड्या बास झाल्या. म्हणलं, बास तर बास. कोंबडीपरीस हिला वास कमी.”

तेवढ्यात रेवती आली. बूट तेच, अंगात मात्र आज चांगलासा कुर्ता. ती वाकून नमस्कार करायला गेली तर बुटांमुळे तिला वाकता येईना. नलूताईने तिला वरच्यावर थांबवलं आणि हसली. हसली म्हणजे चांगलं लक्षण, असं मी कौस्तुभकडे बघून भुवयांनी सांगितलं.

“काकू, रविवारी सकाळी आम्ही सगळ्या टाक्यांची चव घेतो,” रेवती म्हणाली. “तुम्ही आलाच आहात तर आज तुमच्यासमोरच घेऊ. तुम्ही नुसतं बघा, घ्यायलाच पाहिजे असं नाही.”

टेबलावर तिने प्रत्येकापुढे तीन-तीन लहान ग्लास मांडले. पहिल्या दोन्हींत फिकट, पातळ ताकासारखी गढूळ बियर. तिसऱ्यात काळपट लाल. पहिले दोन ग्लास एकाच प्रकारच्या बियरचे, पण वेगवेगळ्या टाक्यांतले, असं तिने सांगितलं. त्यात गहू होता, धने होते, संत्र्याची वाळवलेली साल होती.

“धने?” नलूताईने विचारलं. “आपले धने?”

“आपलेच. मार्केट यार्डातून आणते.”

नलूताई जरा पुढे सरकून बसली. धने म्हटल्यावर तिला आपल्या मुलखात आल्यासारखं वाटलं असावं.

“आणि हे लाल?”

“ही तिकडच्या मठांतल्या साधूंची पद्धत. शेकडो वर्षं करतायत.”

“साधू करतात?”

“करतात आणि पितातही,” कौस्तुभ उत्साहाने म्हणाला.

“साधूंचं काय, ते काहीही करतील,” नलूताई म्हणाली. पण तिच्या आवाजातली धार गेली होती. साधू आणि धने या दोघांनी मिळून अर्धं लग्न जुळवत आणलं होतं.

मग रेवतीने नियम सांगितला. एकेक ग्लास घ्यायचा, सगळ्यांची चव घेऊन होईपर्यंत कुणी बोलायचं नाही, आणि मग बोलायचं ते सगळ्यांत लहान असेल त्याने आधी. मोठ्यांनी शेवटी.

“हे बरं आहे,” मी म्हणालो. “आमच्याकडे लहानांची पाळी येईपर्यंत जेवण संपतं.”

“म्हणूनच, मामा. मोठं माणूस आधी बोललं की बाकीच्यांना तीच चव लागते. टाकी कुणाची, किती कष्टाची, काही बघायचं नाही. जे लागेल ते बोलायचं. मी सगळ्यात शेवटी बोलणार, कारण कुठल्या टाकीत काय केलंय ते मला माहीत आहे.”

पहिला ग्लास. नलूताईने तो नुसता नाकाजवळ नेला. “वास घ्यायला काय हरकत आहे? देवसुद्धा नैवेद्याचा वासच घेतो.” भाऊजींनी बायकोकडे बघितलं, तिने नाही म्हटलं नाही असं पाहून त्यांनी एक घोट घेतला. बासष्टाव्या वर्षी पहिला घोट. चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण ग्लास त्यांनी खाली ठेवला नाही.

“धने जरा पुढे आलेत,” कौस्तुभ म्हणाला. सगळ्यांत लहान तोच होता. “संत्र्याची साल मागे पडलीय. आणि शेवटी जिभेवर किंचित कोरडं वाटतंय. साल पुढच्या वेळी वाढव.”

रेवतीने मान हलवली. मला खरं तर सरबताला आंबूस वास यावा तसं लागलं होतं. पण जाणकाराची अब्रू होती. मी डोळे अर्धे मिटून म्हणालो, “कोरडं. बरोबर.”

दुसरा ग्लास. तो नाकाशी नेला मात्र, नलूताईचा चेहरा उजळला. तिने पुन्हा वास घेतला. मग तिने जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. उजव्या हाताचा तळवा पुढे केला, त्यात चार थेंब ओतले आणि तीर्थासारखे तोंडात घेतले. आणि सवयीने तो ओला हात डोक्यावरून फिरवला.

“अगं बाई,” ती म्हणाली. नियमबियम ती कधीच विसरली होती. “साजूक तूप. यात तूप घातलंयस का गं? लोणी कढवताना शेवटी सुटतो ना, अगदी तो वास.”

मी घाईने माझा ग्लास तोंडाला लावला. खरंच होतं. लोण्याचा गोडसर वास, गिळल्यावर टाळ्याला मऊपणा. मला मनापासून आवडली. आयुष्यात पहिल्यांदा एक पेय मला आणि माझ्या बहिणीला एकाच वेळी आवडलं होतं.

“कौस्तुभ?” रेवतीने विचारलं.

कौस्तुभने ग्लास नाकाशी नेला. त्याचं नाक आक्रसलं, मी समोरच बसलो होतो. मग त्याने आईकडे बघितलं. ती लहान मुलीसारखी हसत त्याच्याकडे बघत होती.

“मस्त,” तो म्हणाला. “गोल झालीय. भरलेली.”

“नक्की?”

“हो. पहिल्यापेक्षा चांगली.”

“वा,” मी म्हणालो. भाऊजींनी मान डोलावली. पंगत एकमुखाने छान म्हणाली.

“साखरपुड्याला हीच ठेवायची,” नलूताई म्हणाली. “म्हणजे जे घेतात त्यांच्यासाठी. मागच्या बाजूला.”

साखरपुडा. शब्द तिच्याच तोंडून आला होता. शितोळ्यांनी मिशीवरून हात फिरवला. कौस्तुभने सुटकेचा निःश्वास टाकला. मी मनात म्हटलं, चला, सुंठीवाचून खोकला गेला, आता लालवाल्या साधूंकडे वळू.

रेवतीने आपला ग्लास उचलला, वास घेतला, एक घोट तोंडात फिरवला आणि शेजारच्या बादलीत थुंकला.

“रेवा,” कौस्तुभ हळूच म्हणाला. “जाऊ दे ना.”

तिने त्याच्याकडे बघितलं. मग ग्लास खाली ठेवला आणि नलूताईकडे वळली.

“काकू, तुम्ही वास बरोबर ओळखलात. पण मी तूप घातलेलं नाही. या बियरमध्ये हा वास म्हणजे दोष आहे. यीस्टचं काम पुरं व्हायच्या आत टाकी थंड केली की हा वास मागे राहतो. भात मुरायच्या आधी झाकण काढावं, तसं. चूक माझी आहे. तुम्ही येणार म्हणून ती आजपर्यंत तयार व्हावी अशी घाई केली.”

“पण चव तर चांगली आहे की,” मी म्हणालो. कुणीतरी काही बोलायला हवं होतं.

“तुपाची चव चांगलीच असते, मामा. पण चहाला तुपाचा वास आला तर तुम्ही म्हणाल का, वा?” ती पुन्हा नलूताईकडे वळली. “तुम्हाला आवडली याचा मला आनंदच आहे. पण ही मी कुणाला देणार नाही. टाकी आज सोडून देणार.”

“सोडून देणार म्हणजे?”

“गटारात.”

शितोळे म्हणाले, “अगं, पाव्हणं जाऊ देत, मग सोड.”

“आबा, पाहुणे गेल्यावर सोडली तर पाहुण्यांना खोटं सांगितल्यासारखं होईल.”

नलूताईचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं होतं, पुसायचं विसरल्यासारखं. तिने सावकाश कौस्तुभकडे मान वळवली.

“तुला कळलं होतं?”

“अगं, तुला इतकी आवडली...” तो म्हणाला. “म्हटलं, कशाला उगाच.”

‘कशाला उगाच’ हे आमच्या घराण्याचं दुसरं कुलदैवत. त्याच्यापुढे पहिल्याला कुणी विचारत नाही. एरवी या शब्दांवर आमच्यातला कुठलाही विषय मिटतो. त्या दिवशी तो मिटायच्या आत काचेचा आवाज आला. भाऊजींनी तिसरा ग्लास, साधूंचा, संपवून खाली ठेवला होता.

रेवती उठून टाकीकडे गेली. मीही मागे गेलो; कशाला, ते मला सांगता येणार नाही, पण चांगलं पेय वाहून जाताना निदान कुणीतरी जवळ असावं असं वाटलं असेल. तिने खालचा नळ उघडला. बियर फेसाळत नालीतून बाहेर निघाली आणि आवारभर दिवाळीच्या आदल्या दिवशी सुटावा तसा तुपाचा वास सुटला.

“मामा, त्याला वास आला होता ना?” तिने वर न बघता विचारलं.

“मला कसं कळणार? मलाच तो आवडला.”

“तुमचं वेगळं. तुम्ही लागलं ते बोललात. कौस्तुभने गेल्या महिन्यात हाच वास दारातून आत येतायेता ओळखला होता. ‘दोन नंबर बिघडतीय,’ म्हणाला आणि माझी टाकी वाचली.” तिने नळ आणखी मोकळा केला. “मी त्या दिवशी घरी सांगितलं, मला मुलगा मिळाला.”

फेस पायाशी आला तसा मी बाजूला झालो.

परतताना कौस्तुभला पुण्यात सोडलं. गाडी खंबाटकीचा घाट चढायला लागली. मग नलूताई काचेबाहेर बघत म्हणाली, “माझ्या हातची आमटी कशी असते रे, हरी?”

“छान असते.”

“मीठ?”

“ठीक असतं की.”

“कधीकधी जास्त पडतं माझ्याकडून. मला चवीला कळत नाही, पण तुमच्यावरून कळतं. त्या दिवशी सगळे पाणी जास्त पितात.” तिने पदर सारखा केला. “लग्न झाल्यापासून एकाने सांगितलं नाही मला. एकानेही नाही. सासूबाई तेवढ्या सांगायच्या, त्या गेल्या.”

भाऊजी गाडी चालवत होते. त्यांनी गिअर बदलला.

“मुलगी मला पसंत आहे,” नलूताई म्हणाली. “बियर करू दे नाहीतर बंदुका करू दे. होकार कळवा.”

होकार कळवला. चार दिवस काही उत्तर नाही. पुढच्या रविवारी नलूताईने मला जेवायला बोलावलं. कौस्तुभ आला होता, बाहेरच्या ओट्यावर पडलेला चेहरा घेऊन बसला होता. मी स्वयंपाकघरात शिरलो तर नलूताई आमटीला फोडणी देत होती.

“रेवतीकडून नकार आलाय,” ती पातेल्यातून नजर न काढता म्हणाली. “कौस्तुभ सांगतोय, तिला एवढ्यात लग्नच करायचं नाही.”

“असेल. धंदा नवीन आहे.”

“काल तिने स्वतः मला फोन केला होता. म्हणाली, ‘काकू, तुम्हाला जे लागलं ते तुम्ही सांगितलंत, त्यामुळे तुमच्याबद्दल काहीच नाही. पण त्याला कळलं होतं आणि तो बोलला नाही. मला रोज ज्याच्या चवीवर विसंबायचंय, त्याने माझ्यासमोर तुम्हाला फसवलं. उद्या तुमच्यासमोर मला फसवेल.’” तिने डावाने आमटी ढवळली. “मी तिला म्हटलं, अगं, फसवलं कुठे, मन राखलं. तर म्हणाली, ‘काकू, तुमचं मन त्याने इतकी वर्षं राखलं. तुम्हाला बरं वाटलं का?’”

“मग तू काय म्हणालीस?”

“फोन ठेवला. रडू यायला लागलं होतं.” तिने मिठाचा डबा जागेवर ठेवला. “पानं घे.”

पानं वाढली. भात, आमटी, बटाट्याची भाजी, लिंबू. मी आमटीभाताचा पहिला घास तोंडात घातला आणि माझ्या डोळ्यांसमोर गोराईची मिठागरं उभी राहिली. भाऊजींनी पाण्याचा पेला उचलला. मी तांब्याकडे हात केला. कौस्तुभने खाली मान घालून दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, मग पाणी प्यायला.

“कशी झालीय?” नलूताईने विचारलं. ती जेवायला बसली नव्हती. उभी होती.

“वा,” मी म्हणालो. पाणी घशातच होतं.

“कौस्तुभ?”

“छान झालीय, आई.”

“मूठभर मीठ टाकलंय मी त्यात,” नलूताई म्हणाली.

आवाज चढलेला नव्हता. तिने फडक्याने आमटीचं पातेलं धरलं, मोरीत गेली आणि ते उपडं केलं. मग पाण्याचा नळ सोडला. आम्ही तिघं बोटं भातात घालून तसेच बसलो होतो. आमसुलाचा आणि गुळाचा वास घरभर झाला.

ती परत आली, आमची पानं बदलली, नवा भात वाढला आणि त्यावर ताक घातलं. या वेळी तिने काही विचारलं नाही. स्वतःही पान घेऊन बसली. बराच वेळ नुसते भुरके ऐकू येत होते.

“ताक आंबट झालंय,” भाऊजी म्हणाले.

मी घास हातात धरून थांबलो. नलूताईने त्यांच्याकडे बघितलं. कितीतरी वेळ बघितलं. मग पदराने डोळे पुसत उठली आणि साखरेचा डबा घेऊन आली. “किती घालू?” तिने विचारलं, आणि भाऊजींनी बोटांची चिमूट करून दाखवली.

“मला तर चांगलं लागतंय,” कौस्तुभ म्हणाला.